कुलूप कुणाला अडवतं? : ई-पुस्तकं, पायरसी आणि आपला ड्राइव्ह

"अमुक पुस्तकाची पीडीएफ आहे का कुणाकडं?" आपल्या वाङ्मय मंडळाच्या गटावर हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. परीक्षा जवळ आली की रोज येतो. दहा मिनिटांत कुणीतरी फाईल टाकतं आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. अशा फायली साठत साठत मंडळाच्या सामायिक ड्राइव्हमध्ये आता एक लहानसं ग्रंथालयच तयार झालं आहे. त्याचं काय करायचं, हे येत्या बैठकीत ठरणार आहे.

काहींचं म्हणणं आहे, ही सरळ चोरी आहे, सगळं पुसून टाका. काहींचं म्हणणं आहे, विद्यार्थ्याला वाचायला मिळतंय, त्यात चोरी कसली? मला दोन्ही बाजू घाईच्या वाटतात. म्हणून बैठकीआधी हा अभ्यासलेख. माझा मुद्दा थोडक्यात असा : फाईलला कुलूप आहे की नाही, यावरून चूक-बरोबर ठरत नाही. लिहिणाऱ्याचा वाटा बुडतो का, आणि ते पुस्तक सरळ मार्गानं मिळवायची वाट आपल्याला उघडी होती का, या दोन प्रश्नांवरून ते ठरतं.

'चोरी' या शब्दात काय बसतं

दुकानातून कुणी पुस्तक उचलून नेलं तर फळीवर मोकळी जागा दिसते. फाईलची प्रत काढली तर तशी जागा राहत नाही. मूळ फाईल जिथल्या तिथं असते. म्हणून पीडीएफ फिरवणाऱ्याला आपण चोरी करतोय असं वाटतच नाही.

पण मोकळी जागा फळीवर नसली तरी हिशेबाच्या वहीत असू शकते. समजा, एका कादंबरीची किंमत तीनशे रुपये आहे आणि लेखिकेला दहा टक्के मानधन ठरलं आहे. हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली तर तिच्या हातात तीस हजार रुपये येतात. दोन-तीन वर्षांच्या कामाचे. आता विकत घेऊ शकले असते असे शंभर जण फुकटच्या फाईलवर थांबले, तर तिचे तीन हजार गेले आणि प्रकाशकाकडे शंभर प्रती पडून राहिल्या. मराठीत आवृत्त्या लहान असतात. मोठ्या भाषेत शंभर वाचकांचं नुकसान समुद्रातल्या थेंबासारखं असेल. आपल्याकडं दुसरी आवृत्ती निघणार की नाही, हे शंभर प्रतींवर ठरू शकतं.

याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शंभर डाउनलोड म्हणजे शंभर बुडालेल्या विक्री असं नसतं. त्यातले काही जण ते पुस्तक कधीच घेणार नव्हते, काहींना ते कुठल्याच दुकानात मिळणार नव्हतं. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात एकच प्रत पन्नास जण वाचतात आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही. ती प्रत विकत घेतलेली असते आणि एका वेळी एकाच्याच हातात असते. फाईलचं तसं नाही. दिलेली फाईल माझ्याकडंही राहते, तुमच्याकडंही जाते आणि तुमच्याकडून पुढं कुठवर जाते याला अंतच नसतो. आधी हा फरक लक्षात घेऊ, मग कुलपाकडं वळू.

कुलूप कसं चालतं

ई-पुस्तकाच्या कुलपाला डीआरएम म्हणतात. पुस्तकाचा मजकूर सांकेतिक करून ठेवायचा आणि तो उलगडायची किल्ली वाचकाच्या खात्याला किंवा उपकरणाला बांधायची, एवढंच त्याचं तत्त्व आहे. आपण पुस्तक उघडतो तेव्हा ॲप ती किल्ली वापरून पानं दाखवतं. फाईल दुसऱ्याला पाठवली तर त्याच्याकडं किल्ली नसल्यानं ती उघडत नाही.

यात एक मूळचीच अडचण आहे. ज्याला अडवायचं, त्याच्याच हातात किल्लीही द्यावी लागते, नाहीतर त्यानं पैसे देऊन वाचायचं काय? म्हणून अशी कुलपं पुन्हा पुन्हा उघडली गेली आहेत. २००१ च्या जुलैमध्ये दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन प्रोग्रामरला अमेरिकेत लास व्हेगासला अटक झाली. ॲडोबीच्या ई-पुस्तकांवरची बंधनं काढणारा प्रोग्राम त्यानं लिहिला होता. डिसेंबर २००२ मध्ये त्याच्या कंपनीला, एल्कमसॉफ्टला, ज्यूरीनं निर्दोष ठरवलं.

कुलपाचा जाच कुणाला होतो, हेही पाहू. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं काही ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं परस्पर काढून टाकली. ज्यानं ती दुकानात ठेवली होती, त्याच्याकडं अमेरिकेतले हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, पुढं कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. पण वाचकांनी पैसे मोजलेलं पुस्तक त्यांच्या घरातून गेलं होतं, तेही सरकारी पाळतीवरची कादंबरी! २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. पैसे परत दिले, पण जुलैपासून ग्राहकांची पुस्तकं उघडेनाशी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉननं विकत घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून घ्यायची सोय काढून टाकली. किंडलच्या अटींत लिहिलेलंच आहे की मजकूर विकला जात नाही, वाचायचा परवाना दिला जातो. म्हणजे बटणावर 'खरेदी' लिहिलेलं असलं तरी आपण भाडेकरूच असतो, आणि घरमालकानं ठरवलं तर खोली रिकामी होते.

या तिन्ही घटनांत ज्यांची पुस्तकं गेली किंवा अडकली, त्या सगळ्यांनी पैसे दिले होते. पायरसी करणाऱ्याच्या फाईलला काहीच झालं नाही.

मराठीत कुलूप भलत्याच दाराला

किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या शेवटी आली. त्याच्या आधीपासून बुकगंगासारख्या मराठी दुकानांवर ई-पुस्तकं मिळत होती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणच्या मराठी वाचकाला याचं मोल जास्त. बेळगावात निदान मराठी पुस्तकांची दुकानं तरी आहेत. तिथल्या वाचकाला साधा कथासंग्रहही टपालानं मागवावा लागतो.

आता आपल्या ड्राइव्हमधल्या फायली उघडून पाहा. मी पाहिल्या. बहुतेक सगळ्या कागदी पुस्तकांची स्कॅन आहेत. कुठं अंगठ्याची सावली पडली आहे, कुठं शिलाईजवळचे शब्द आत गेलेत, कुठं ग्रंथालयाचा शिक्का दिसतो. म्हणजे ही पुस्तकं कुणी ई-पुस्तकाचं कुलूप तोडून आणलेली नाहीत. ती मोबाईलच्या कॅमेऱ्यातून आली आहेत. घराच्या मागच्या बाजूला भिंतच नाही आणि पुढच्या दाराला मात्र तीन कुलपं, असा हा प्रकार झाला. पुढच्या दारानं येतो तो पैसे देणारा वाचक, आणि अडतो तोच.

माझ्या वर्गातला एक मित्र दृष्टिहीन आहे. मोबाईल जे वाचून दाखवतो, त्यावर तो अभ्यास करतो. त्यानं पैसे देऊन एक मराठी ई-पुस्तक घेतलं, तर त्या ॲपमध्ये मोबाईलचा आवाज चालेना. अक्षरं बाहेरच्या कुठल्याही प्रोग्रामला द्यायची नाहीत, अशी त्याची रचना होती. मग कुणीतरी त्याला त्याच पुस्तकाची फुकट फिरणारी पीडीएफ दिली. तीही मुकी, कारण स्कॅन म्हणजे नुसतं चित्र. तो म्हणाला, "इकडं कुलूप, तिकडं फोटो. मला पुस्तक कुणीच दिलं नाही." कुलपाच्या आणि पायरसीच्या बाजूनं बोलणाऱ्या दोघांनीही या वाक्याचं उत्तर द्यायला हवं.

कायदा काय म्हणतो

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीत त्यात कलम ६५-अ आलं. हक्क मोडण्याच्या हेतूनं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं ते सांगतं. यातला 'हेतूनं' हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्यानं स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप काढलं, तर हे कलम आड येत नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणं हाच स्वतंत्र अपराध आहे आणि दर तीन वर्षांनी त्यातून सवलती मागाव्या लागतात. आपल्या कायद्यानं निदान तत्त्व म्हणून तरी कुलूप आणि चोरी यांच्यात फरक केला आहे.

कलम ५२ मध्ये आणखी काही वाटा आहेत. खाजगी अभ्यास, संशोधन, टीका आणि परीक्षण यांसाठी रास्त वापर चालतो. दिव्यांग वाचकासाठी पुस्तक त्याला वाचता येईल अशा रूपात आणायला परवानगी आहे. याच विषयावरच्या २०१३ च्या मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच होता, २०१४ मध्ये. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये खटला भरला, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिकवण्यासाठी केलेल्या प्रतींची बाजू उचलून धरली.

पण इथं कुणी टाळ्या वाजवण्याआधी एक गोष्ट सांगते. तो खटला अभ्यासक्रमासाठी वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधण्याबद्दल होता. अख्खी कादंबरी दोनशे जणांच्या गटावर टाकायला त्या निकालातून परवानगी निघत नाही.

सातवी आज्ञा आणि परवाची परीक्षा

'चोरी करू नको' ही सातवी आज्ञा आम्ही कॅथलिक मुलं पाठांतरातच शिकतो. पण त्याच परंपरेत संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात एक अवघड गोष्ट मांडून ठेवली आहे. गरज उघड आणि निकडीची असेल, दुसरा मार्गच नसेल, तर जगण्यापुरतं दुसऱ्याचं घेणं ही चोरी ठरत नाही. पृथ्वीवरच्या वस्तू मुळात सगळ्यांच्या निर्वाहासाठी आहेत, हा त्यामागचा विचार.

आमच्यातले काही जण हे सूत्र पीडीएफला लावतात. मला ते पटत नाही. परवाची परीक्षा ही भूक नव्हे. ग्रंथालयात प्रत असताना, वर्गातल्या चौघांना मिळून एक पुस्तक घेता येत असताना, 'दुसरा मार्ग नव्हता' असं म्हणता येत नाही. मात्र या सूत्रातून प्रश्न विचारायची पद्धत घेता येते : गरज किती खरी आहे, आणि सरळ वाट होती का? माझ्या दृष्टिहीन मित्राला सरळ वाट होती, तो पैसे देऊन तिच्यावरून चाललाही, आणि ती बंद निघाली. त्याचं आणि माझं पारडं सारखं नाही.

आता दुसरं पारडं. बेळगावातल्याच एका निवृत्त शिक्षिकेनं आपल्या पेन्शनमधून कवितासंग्रह छापला, पाचशे प्रती. नाव लिहू नकोस म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही. त्या संग्रहाची स्कॅन केलेली पीडीएफ फिरत फिरत त्यांच्या नातीच्याच मोबाईलवर आली. मी विचारलं, "बाई, राग आला का?" त्या म्हणाल्या, "राग नाही गं. कुणीतरी वाचलं, याचा आनंदच झाला. पण पलंगाखाली अजून दोनशे प्रती आहेत. एकानं तरी फोन करायचा होता." मी ती फाईल पाहिली. स्कॅन करणाऱ्यानं सुरुवातीची चार पानं गाळली होती. पुस्तक मागवायचा फोन नंबर त्यातल्याच एका पानावर होता, आणि त्यांच्या दिवंगत यजमानांच्या नावाची अर्पणपत्रिकासुद्धा.

प्रतीनं जे वाचवलं

एवढं म्हटल्यावर 'सगळं पुसा' म्हणणाऱ्यांशीही बोलायला हवं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. पुढं १६४९ आणि १६५४ मध्येही ते छापल्याची नोंद आहे. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ते पुराण आपल्यापर्यंत आलं ते माणसांनी हातानं उतरवून ठेवलेल्या पोथ्यांमुळं. त्यांच्याच आधारानं १९०७ मध्ये मंगळूरची आवृत्ती निघाली. रायतूरच्या छापखान्यानं प्रत काढायला कुलूप लावलं असतं, तर आज आपल्या हातात काय राहिलं असतं?

आपल्या कायद्यालाही हे कळतं. बाजारात कुठंच मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक, बिनव्यापारी ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी काढता येतात. आपल्याकडं असलेलं कागदी पुस्तक जपण्यासाठी त्याला ते संगणकातही साठवता येतं. मराठीतल्या समीक्षेच्या कितीतरी पुस्तकांची आवृत्ती संपून वर्षं लोटली आहेत. प्रकाशकाला विचारलं तर 'शिल्लक नाही' एवढंच उत्तर येतं. तिथं खरा धोका चोरीचा नाही, विसर पडण्याचा आहे.

ड्राइव्हचं काय करायचं

माझी सूचना अशी की फायलींचे चार ढीग करावेत.

पहिला, हक्क संपलेल्या पुस्तकांचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि ही वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून 'श्यामची आई' १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांची झाली. ऑर्वेलही १९५० मध्येच गेला, म्हणून '१९८४' भारतात मोकळी आहे. अमेरिकेत तिच्यावरचा हक्क २०४४ अखेरपर्यंत आहे. रेव्हरंड टिळकांची कविता तर केव्हाच मोकळी झाली. हा ढीग खुशाल ठेवावा, वाढवावा. फक्त नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा ज्याच्या, त्याच्याच राहतात. 'क्रिस्तपुराणा'च्या ओव्या सगळ्यांच्या असल्या तरी आजच्या संपादकानं लिहिलेलं विवेचन त्याचं आहे.

दुसरा, लेखकानं आपण होऊन दिलेल्या पुस्तकांचा. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीनं मराठी ई-पुस्तकं विनामूल्य देतं. अशी फाईल मूळ रूपात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ठेवावी.

तिसरा, हक्क चालू असलेल्या आणि दुकानात मिळणाऱ्या पुस्तकांचा. जी. ए. कुलकर्णी आपल्याच भागातले, पण त्यांच्या कथांवरचा हक्क २०४७ अखेरपर्यंत आहे. इंदिरा संत बेळगावच्या; त्यांच्या कवितांवरचा २०६० अखेरपर्यंत. हा ढीग पुसावा. त्या जागी कोणत्या ग्रंथालयात प्रत आहे, कोणत्या दुकानात मिळते आणि किंमत किती, याची यादी ठेवावी. मंडळाच्या वर्गणीतून दरवर्षी काही प्रती विकत घेऊन आळीपाळीनं वाचाव्यात.

चौथा ढीग अवघड आहे : हक्क चालू, पण पुस्तक कुठंच मिळत नाही. तो पुसू नये आणि गटावरही टाकू नये. यादी ग्रंथपालांकडं द्यावी, आणि कायदा परवानगी देतो तेवढ्या प्रती ग्रंथालयानं काढाव्यात. लेखक किंवा त्यांचे वारस यांना मंडळानं पत्र लिहावं. मसुदा मी करून ठेवला आहे, दोनच परिच्छेदांचा : आम्ही कोण, आणि आपलं पुस्तक आम्हाला का हवं आहे.

या पत्रांना उत्तरंच आली नाहीत तर किती दिवस थांबायचं? सहा महिने, वर्ष, की कायमचं? यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. बैठकीत त्यावरच बोलूया. येताना प्रत्येकानं ड्राइव्हमधलं एक तरी पुस्तक कोणत्या ढिगातलं आहे ते तपासून यावं. त्या शिक्षिकेच्या संग्रहाच्या दहा प्रती मी मागवल्या आहेत, त्याही टेबलावर असतील. किंमत ऐंशी रुपये, पैसे थेट त्यांच्याकडं जातील.